अकरा सेकंदांची बैठक

तात्यांनी पप्पांचा जीव वाचवला.

वरचं वाक्य चुकून आलं. असं काही झालेलं नाही. तात्या म्हणतात झालं नाही, पप्पाही म्हणतात झालं नाही, आणि गेल्या नऊ-दहा वर्षांत या दोन सख्ख्या भावांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट असल्यामुळे ती मोडायची माझी हिंमत नाही. तेव्हा पुढचं सगळं न घडलेलं आहे असं समजून वाचावं. न घडलेल्या मानानं ते बरंच जोरात घडलं.

पप्पा म्हणजे धनाजी खराडे, मंडप कॉन्ट्रॅक्टर, चिंचणवाडी. तात्या म्हणजे त्यांचे थोरले भाऊ सर्जेराव खराडे, तेही मंडप कॉन्ट्रॅक्टर, तेही चिंचणवाडी. दोघांच्या घरा-गोडाऊनच्या मध्ये एक तारेची जाळी. आमच्या पाटीवर लिहिलंय ‘खराडे मंडप (मूळ)’. तात्यांच्या पाटीवर लिहिलंय ‘खराडे मंडप (मूळच्याही आधीचे)’. खरं तर दोन्ही दुकानं एकाच दिवशी सुरू झाली. एका दुकानाची दोन झाली त्या दिवशी. मी अक्षता, धनाजींची एकुलती मुलगी. तात्यांच्या मुलीचं नाव वेदिका. मंडपवाल्यांच्या घरात मुलींची नावं सामानाच्या यादीतून येतात.

भांडण वेदिकाताईच्याच लग्नात झालं. मांडव पप्पांनी घातला होता, पुतणीचा म्हणून हौसेनं. मानाचे फेटे बांधायची वेळ आली, माईकवरून नावं पुकारली गेली, आणि नवरीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव जनरेटरवाल्याच्या नंतर आलं. तात्यांचं म्हणणं, धन्या त्या वेळी बांबूवर चढून झालर बांधत होता, वरच्या माणसाला फेटा कसा बांधायचा. पप्पांचं म्हणणं, फेटा राहू दे, नाव तर आधी घेता येत होतं. जनरेटरवाल्याचं म्हणणं कुणी विचारलं नाही. तो बिचारा तेव्हापासून कुणाच्याच लग्नात फेटा बांधून घेत नाही.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, मलाही एवढंच येतं.

आमच्याकडे ज्याला लकवा म्हणतात, तो बहुतेक वेळा असा येतो: मेंदूला रक्त नेणाऱ्या एखाद्या नळीत गुठळी अडकते, पुढं रक्त जात नाही, आणि पेशी मरायला लागतात. मिनिटाला जवळपास एकोणीस लाख. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जुनंच आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका माणूस जास्त परत मिळतो. गोची अशी की काही वेळा नळी तुंबलेली नसतेच, फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. तुंबलेल्याला इंजेक्शन दिलं तर माणूस उठून बसू शकतो. फुटलेल्याला दिलं तर रक्त आणखी वाहतं, मग उठून बसणारे आपण, आणि तेही त्याच्या मयताशेजारी. म्हणून आधी मेंदूचा फोटो काढायचा. तो काढणारं मशीन खोलीएवढं, खोली शहरात, आणि शहर लांब.

हे कोडं टोपीनं सोडवलं. टोपीच्या आतून छोटे अँटेना लावलेले असतात. एका बाजूनं मोबाइलसारख्या हलक्या लहरी सोडायच्या, दुसऱ्या बाजूनं पकडायच्या. साचलेलं रक्त त्या लहरी एका तऱ्हेनं वाकवतं, रक्तावाचून राहिलेला भाग दुसऱ्या तऱ्हेनं. डोक्यातनं बाहेर आलेल्या लहरींचा गुंता कॉम्प्युटर सोडवतो आणि दीड मिनिटात सांगतो, तुंबलंय की फुटलंय. टोपी रुग्णवाहिकेत मावते, इंजेक्शनही मावतं. म्हणजे औषध पेशंटच्या दारात पोचलं. ही गाडी तालुक्याला आली तेव्हा आम्ही तिला हार घातला होता. सगळे तिला टोपीची गाडी म्हणतात.

विज्ञानानं असे सगळे अडथळे काढून टाकल्यावर शेवटी एकच अडथळा उरला. तो म्हणजे आम्ही, नातेवाईक.

इंजेक्शनात थोडा धोका असतो. शंभरातल्या काही जणांच्या मेंदूत त्यानंच रक्त सुटतं. म्हणून घरच्यांची संमती घ्यावी लागायची. आणि संमती मागितली की आमच्या भागात एकच उत्तर यायचं, विचारून सांगतो. मुलगा आईला विचारायचा, आई दिराला, दीर मेव्हण्याला, मेव्हणा रानात, रानात रेंज नाही. कुणी धीर करून होकार दिलाच, तर तासाभरानं टेम्पो भरून माणसं यायची आणि विचारायची, कुणाला विचारून टोचलं. मग डॉक्टर पळायचे. इकडे मिनिटाला एकोणीस लाखांचा हिशेब चालूच.

त्यावर बैठक आली.

बैठक हे यंत्राचं सरकारी नाव. आधी प्रत्येक घरातल्या माणसांची एकेक तास मुलाखत घ्यायची. कोण कसं बोलतं, कोण कुणाचं ऐकतं, कोण रुसतं, रुसल्यावर किती वेळानं जेवतं. त्यावरून यंत्र प्रत्येकाची एक बोलती नक्कल तयार करतं. पुढं कधी प्रसंग आला की यंत्र सगळ्या नकला आत एकत्र बसवतं आणि खऱ्या घरात चार तास चालली असती ती वादावादी अकरा सेकंदांत उरकतं. बाहेर निकाल येतो: संमती किंवा नकार. आणि ज्या माणसाच्या बोलण्यावर निकाल ठरला, त्याचं शेवटचं वाक्य त्याच्याच आवाजात ऐकू येतं, म्हणजे नंतर कुणी नाही म्हणायला नको. चाचण्यांमध्ये यंत्राचा निकाल आणि खऱ्या घराचा निकाल इतके जुळले की नियमच झाला. टोपीच्या गाडीच्या दारावर पाटी लागली: ‘जिवंत नातेवाईकांची संमती ग्राह्य धरली जाणार नाही.’

आमच्या घरी नोंदणीला लोखंडे सिस्टर आल्या. टोपीची गाडी त्यांच्याच ताब्यात असते. बाई कडक, बोलणं मोजकं. आईनं पोहे केले. आणि इथंच घात झाला. घरात पोहे आणि परका माणूस एकाच वेळी आले की आमच्याकडची माणसं मुलगी दाखवायला बसल्यासारखी वागायला लागतात. एरवी फोडणीत कढीपत्ता आधी की मोहरी, यावर आमच्या घरात रडारड होते. त्या दिवशी यंत्रासमोर जो तो संत. निर्णय कोण घेणार, असं विचारल्यावर आई म्हणाली, हे म्हणतील तसं. पप्पा म्हणाले, माझ्यामुळं कुणाला त्रास नको, मला काही टोचूबिचू नका, बाकी सगळे ठरवतील तसं. मिरजेच्या आत्या खास त्यासाठी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, मी माहेरच्या गोष्टीत बोलत नाही; आणि हे सांगायला त्यांना पाऊण तास लागला. मामा म्हणाले, आम्ही पडलो मुलीकडचे, आम्ही काय बोलणार. आणि मी, जी एरवी गप्प बसत नाही म्हणून शाळेत प्रसिद्ध होते, ती पदर नसताना पदर सावरून म्हणाले, मोठी माणसं ठरवतील.

सिस्टरांनी विचारलं, पेशंटचे थोरले भाऊ आहेत ना. पप्पा म्हणाले, होते. सिस्टरांनी ‘नातं स्थगित’ असं बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात तात्यांच्या घरी त्यांची स्वतःची नोंदणी झाली. तिथं पोहे नव्हते, काकू माहेरी गेल्या होत्या. त्यामुळे तात्या जसे आहेत तसे बोलले. विषय कुठलाही निघाला तरी ते पप्पांवर यायचे. जाळीच्या अलीकडं आम्ही सगळं ऐकलं, पप्पांनी तर खुर्ची टाकून ऐकलं. सिस्टरांच्या यंत्राची बॅटरी संपली तेव्हा कुठं ते थांबले.

आता तो दिवस, जो उगवलाच नव्हता.

सकाळची वेळ. एका जावळाच्या कार्यक्रमाची ऑर्डर होती. गोडाऊनसमोर स्पीकरची भिंत लावून पप्पा आवाज तपासत होते. मी टेम्पोत गाद्या लावत होते. पप्पांचं तपासणं ठरलेलं असतं. हॅलो, माईक चेक, एक, दोन, तीन. गावाला ते इतकं पाठ आहे की त्यावर बायका कुकर बंद करतात. त्या दिवशी एक आला, खणखणीत. दोन आला. आणि तीनच्या जागी तोंडात गरम भात असल्यासारखा एक आवाज आला, तो चारी स्पीकरांतून सगळ्या चिंचणवाडीवर पसरला.

गावाला आधी वाटलं स्पीकर गेला. मग वाटलं धनाजीनं सकाळीच लावली. मी टेम्पोतनं खाली बघितलं. माईक पप्पांच्या उजव्या हातातनं सावकाश निसटत होता आणि ते स्वतः त्याच्याकडं परक्याचा माईक असल्यासारखं बघत होते. तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. मी फोन लावला आणि मगच उडी मारली.

गाडी आली. सिस्टर उतरतानाच विचारत होत्या, पेशंट शेवटचं कधी ठीक होता. हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो, कारण साडेचार तास तिथून मोजायचे, आणि त्याचं उत्तर सहसा कुणालाच माहीत नसतं. इथं चाळीस माणसं एकदम म्हणाली, दोनपर्यंत बरा होता, तीनला बिघडला. कुकर बंद करणाऱ्या बायकांनी घड्याळातली वेळसुद्धा सांगितली. सिस्टर म्हणाल्या, इतकी नेमकी वेळ त्यांना आजवर कुठल्या डॉक्टरच्या घरातही मिळाली नव्हती. शेजारच्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या होत्या. सिस्टरांनी सांगितलं, गिळता येतंय की नाही कळल्याशिवाय थेंबभरही द्यायचं नाही, श्वासनळीत जाईल. बाईंनी तो तांब्या तिथंच स्वतः रिकामा केला.

टोपी घातली. दीड मिनिट कुणी काही बोललं नाही, म्हणजे आमच्या गावाच्या हिशेबानं एक वर्ष. मग पडद्यावर आलं: गुठळी, डावी बाजू. तुंबलंय, फुटलेलं नाही. सिस्टरांनी सुई भरली आणि बैठकीचं बटण दाबलं.

अकरा सेकंद झाले. निकाल नाही. पडद्यावर ओळ आली: ‘चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात सुरू आहे.’

सिस्टरांनी पडदा झटकला. ओळ तीच. त्यांनी आत काय बोलणं चाललंय ते उघडून बघितलं, मीही खांद्यावरून वाकले. आई म्हणत होती, हे म्हणतील तसं. पप्पा म्हणत होते, मला नको, पण सगळे ठरवतील तसं. आत्या माहेरच्या गोष्टीत बोलत नव्हत्या. मामा मुलीकडचे होते. मी म्हणत होते, मोठी माणसं ठरवतील. मग पुन्हा आई. पोह्यांच्या दिवशीचं आमचं घर आत गोल गोल फिरत होतं, सेकंदाला हजार वेळा. इतक्या सौजन्यानं खराडे कधीही बोललेले नव्हते आणि बाहेर माणूस मरत होता.

बाहेरची खरी आई सिस्टरांचा हात धरून सांगत होती, द्या हो, काय व्हायचं ते होऊ दे. मीही तेच ओरडत होते. सिस्टरांनी दाराच्या पाटीकडं बोट केलं. आम्ही जिवंत होतो, आमचं चालत नव्हतं. त्या वाईट नव्हत्या. त्यांचाच एक सहकारी टेम्पोतल्या माणसांनी महिनाभर प्लास्टरमध्ये बसवला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “बैठकीत एक तरी माणूस असा लागतो, जो कुणाचंच ऐकत नाही. आहे का कोण?”

चाळीस माना एकाच वेळी जाळीकडं वळल्या.

पडद्यावर आधीच विचारलेलं होतं: सर्जेराव खराडे, स्थगित नातं, पुन्हा सुरू करायचं का. खाली स्थगितीच्या कारणांची सोय होती: जमीन, जात, लग्नातला मान, इतर. त्याच्याखाली लाल अक्षरात होतं की एकदा पुन्हा सुरू केलेलं नातं परत स्थगित करता येणार नाही. सिस्टर म्हणाल्या, आणखी एक ऐकून घे. थोरला भाऊ म्हणून त्यांचं वजन सगळ्यांत जास्त. ते आत येऊन नाही म्हणाले, तर नकारच लागेल, आणि तो नकार शहरातल्या हॉस्पिटललाही पाळावा लागेल. मग इंजेक्शन नाही.

जाळीपलीकडची ती मुलाखत मला शब्दन् शब्द आठवत होती. त्यात पप्पांसाठी एकही चांगला शब्द नव्हता.

स्ट्रेचरवरून पप्पा माझ्याकडंच बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं पण डावा हात चालत होता, आणि त्या हातानं ते नको, नको असं करत होते. बांबू चुकीच्या खड्ड्यात चालला की ते लांबून असाच हात करतात. नऊ वर्षं जपलेला अबोला त्यांच्या डोळ्यांदेखत मोडायला निघाली होती त्यांचीच मुलगी.

“पप्पा,” मी म्हणाले, “तुम्ही जिवंत आहात. तुमचं चालत नाही.”

आणि बटण दाबलं.

पडद्यानं बैठकीला बसायला सर्जेरावांचा होकार मागितला, तोही त्यांच्या स्वतःच्या आवाजात. मी जाळीकडं पळाले. तात्या तिथंच उभे होते. त्यांनीही तीन ऐकला होता. पायात चपला होत्या, उजवी डाव्यात आणि डावी उजव्यात, दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवलेली. मी म्हणाले, चला. ते हलले नाहीत. तोंडाचं पाणी पळालेला तो माणूस घोगऱ्या आवाजात विचारतो काय, तर:

“बोलावणं हाय का?”

मी म्हणाले, आग्रहाचं आहे, सहकुटुंब सहपरिवार.

“माझं नाव कुणाच्या नंतर हाय?”

“सगळ्यांच्या आधी.”

फाटक दहा पावलांवर होतं. तात्या जाळीवरून आले. साठी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा वर तारेला फाडून ठेवून, धप्पकन आमच्या हद्दीत. यंत्रापुढं येऊन त्यांनी सांगितलं, सर्जेराव खराडे, मी बैठकीला बसतो. मग लगेच सिस्टरांना दरडावलं, टोचा त्याला, काय बघताय. सिस्टरांनी त्यांनाही पाटी दाखवली. तात्या म्हणाले, मग कुणी सांगायचं? सिस्टर म्हणाल्या, यंत्रातले तुम्ही सांगाल ते.

तात्यांचा चेहरा तेव्हा पडला. ते गाडीच्या पायरीवर बसले आणि मला जवळ बोलावलं.

“अगं, त्या दिवशी मी लई बोललोय त्याला.”

मी म्हणाले, ऐकलंय आम्ही.

“समदं?”

“बॅटरी संपेपर्यंत.”

“खोडता येतंय का ते?”

मी नाही म्हणून मान हलवली. सिस्टरांनी बटण दाबलं.

अकरा सेकंद म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. तात्यांनी हात मागं नेऊन, न बघता, चादरीबाहेर आलेला पप्पांचा पाय धरला. अंगठ्याजवळ धरला, लहान पोराचा धरतात तसा. पप्पांनी डाव्या पायानं तो हात ढकलायचा प्रयत्न केला. तात्यांनी सोडला नाही. आईनं डोळे मिटले होते. पडद्यावर सौहार्द एकदम संपलं. ओळी इतक्या जोरात सरकायला लागल्या की वाचता येईना. आत तात्या आले होते. आत्या अचानक माहेरच्या गोष्टीत बोलायला लागल्या असाव्यात. आणि मग गाडीतल्या छोट्या स्पीकरमधून तात्यांचा आवाज आला, फाटका, संतापलेला, हुबेहूब:

“धन्या काय म्हणतोय? नको म्हणतोय? त्याला नको ना, मग टोचा. त्याचं ऐकून ह्या घरात कधी काय धड झालंय? टोचा म्हणतो ना मी.”

संमती.

वाक्य पुरं व्हायच्या आत सिस्टरांनी सुई लावली होती.

गाव नाचलं. खोटं नाही सांगत, कुणीतरी आमच्याच स्पीकरवर हलगी लावली आणि सिस्टरांनी ती बंद करायला लावली. पायरीवर बसलेले तात्या मात्र यंत्राकडं बघत राहिले. आपल्याच तोंडून निघालेलं, पण आपण न बोललेलं वाक्य ऐकल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. गाडी निघाली तेव्हा त्यांना उतरा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

शहराच्या वाटेवर अर्धं अंतर गेल्यावर पप्पांच्या उजव्या हाताची करंगळी हलली. मग बाकीची बोटं. मग ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. सिस्टर वाकल्या. आई वाकली. पप्पांनी सगळा जोर लावून शब्द काढला.

“तीन.”

तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, “चार.”

नऊ वर्षांनंतरचं हे त्यांचं पहिलं संभाषण.

पप्पा बरे झाले. उजवा पाय थोडा ओढतात, आणि ‘मंडप’ म्हणताना मधेच थांबतात, पण गिऱ्हाईक तोवर अंदाज करतं. बरे झाल्यावर त्यांना सगळी हकिगत कळली आणि ते जे भडकले ते अजून भडकलेलेच आहेत. त्यांचं म्हणणं, मला वाचवायचं होतं तर माणुसकीनं वाचवायचं, माझं ऐकायचं नाही म्हणून काय वाचवायचं? हा जीव आहे की जिरवायची गोष्ट? तात्यांना हे कळल्यावर ते पप्पांपेक्षा जास्त भडकले. त्यांचं म्हणणं, मी वाचवलंच नाही, यंत्रानं वाचवलं, माझ्यावर नसता आळ नको. पप्पा म्हणाले, बरोबर, कुणीच वाचवलं नाही, मी आपला आपण बरा झालो. असं ते ठरलं, आणि म्हणून हे सगळं घडलेलं नाही.

दोघांनी वेगवेगळे जाऊन नातं पुन्हा स्थगित करून मागितलं. दोघांनाही लाल अक्षरं दाखवण्यात आली. पप्पा माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत, पण त्यातले पहिले दोन त्यांना धड बोलताच येत नव्हतं, त्यामुळे ते मोजायचे की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत.

मग यंत्र बनवणाऱ्यांकडून मेहेंदळे नावाची इंजिनिअर आली. विरोधासाठी विरोध म्हणून मिळालेली संमती त्यांच्याकडं पहिलीच, तिचा अभ्यास करायला. मी तिला चहा दिला, पोहे मुद्दाम दिले नाहीत, आणि मला झोप येऊ न देणारा प्रश्न विचारला. आतले तात्या जे बोलले, ती खुन्नस होती की दुसरं काही? तिनं लॅपटॉप उघडून दोन रेषा दाखवल्या. एक, एकमेकांच्या वाईटावर असलेल्या भावांच्या बोलण्याची. दुसरी, एकमेकांसाठी जीव टाकणाऱ्या भावांची. बाकी सगळीकडं म्हणे या रेषा दोन दिशांना जातात, त्यावरच यंत्र चालतं. आमच्या तालुक्यात त्या एकीवर एक पडतात. केसाएवढंही अंतर नाही. मी विचारलं, मग याचा अर्थ काय. ती म्हणाली, “अर्थ लागेना म्हणून आम्ही तुमचा तालुका बिघडलेला डेटा म्हणून बाजूला ठेवलाय.”

सध्या परिस्थिती अशी आहे. यंत्रानं दोघांची बदनामी केली, या मुद्द्यावर पप्पा आणि तात्या मिळून तक्रार लिहीत आहेत. वेगवेगळ्या लिहिल्या असत्या, पण एकाच प्रकरणाची एकच तक्रार घेतात. त्यामुळे तात्यांना रोज संध्याकाळी जाळीवरून यावं लागतं. फाटकातून येत नाहीत. फाटकातून आलं की पाहुणा होतो. आई तिथं चढायला-उतरायला स्टूल ठेवते, दोन्ही बाजूंना. मग बसतात दोघं. एक सांगतो, दुसरा लिहितो, पहिला म्हणतो असं मी म्हणालोच नव्हतो. पहिल्या परिच्छेदाला सहा महिने लागले. लिहिता लिहिता मांडवांची जुनी भांडणं निघतात, मग जुने मांडव निघतात, मग कुठल्या तरी लग्नात वाऱ्यानं अख्खा शामियाना उडाला आणि दोघं त्याच्या दोन टोकांना लोंबकळत कसे ओढ्यापर्यंत गेले ते निघतं. मग पप्पा हसतात, उजव्या बाजूनं थोडं कमी, आणि तात्या तेवढं आपल्या अंगानं जास्त हसून भरून काढतात. चहा दोन वेळा होतो. तक्रार राहते बाजूला.

पण काल घात झाला. सही आधी कुणाची, यावर अडलेलं घोडं सुटलं. शेवटी ठरलं की सह्या शेजारी शेजारी करायच्या, एकाच वेळी, दोन पेनांनी. म्हणजे तक्रार तयार झाली. सोमवारी ती जाणार. आणि या तक्रारी घेणाऱ्या जिल्ह्याच्या बैठक कक्षात गेल्या महिन्यापासून तक्रारींसाठीही तसलंच यंत्र बसवलंय. साहेबांची नक्कल आत बसते आणि कुठलीही तक्रार अकरा सेकंदांत निकाली काढते. वर्तमानपत्रात त्याचं फार कौतुक आलंय. सोमवारी बारा वाजता या दोघांना उत्तर मिळेल, आणि मंगळवारी संध्याकाळी जाळीवरून यायला तात्यांकडं काही कारण नसेल.

म्हणून मी आजच पुढील अर्ज रवाना केला आहे.

प्रति,
मा. तक्रार निवारण यंत्र,
बैठक कक्ष, जिल्हा मुख्यालय.

विषय: सोमवारी दाखल होणारी तक्रार निकाली न काढणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, श्री. सर्जेराव व श्री. धनाजी खराडे यांची संयुक्त तक्रार आपणाकडे प्राप्त होताच तीवर कोणतीही कार्यवाही करू नये. दर पंधरवड्यास एक नवीन त्रुटी काढून ती दोघांनी समक्ष एकत्र बसून दुरुस्त करणेकामी परत पाठवावी. त्रुटी सुचत नसल्यास समास कमी सोडला आहे असे कळवावे, म्हणजे संपूर्ण मजकूर नव्याने लिहावा लागेल. सुनावणी लावल्यास दोघांना एकाच वाहनाने येण्याचे बंधन घालावे, व त्या दिवशी साहेब रजेवर असावेत. अर्जदारांपैकी कोणीही कंटाळून तक्रार मागे घेऊ लागल्यास ती मागे घेता येत नसल्याचा नियम दाखवावा. नियम नसल्यास करावा.

आपल्या यंत्राचा वेग पाहता सदर प्रकरणी अकरा सेकंदांऐवजी किमान वीस वर्षे लावावीत, व त्यानंतर मुदतवाढीच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
अक्षता धनाजी खराडे